हिगिन्स आय शिंपल्याचा हंगाम: मिसिसिपीकाठच्या प्रकल्प नोंदी, २०२४

२२ एप्रिल

परवान्याची नवी प्रत आज आली. ती येईपर्यंत आम्ही पाण्यात उतरत नाही. यंदा किती माद्या बाहेर काढता येतील, किती वेळ ठेवता येतील, एखादी दगावली तर कोणाला आणि किती लवकर कळवायचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

आमचा शिंपला म्हणजे लॅम्पसिलिस हिगिन्साय. इथे सगळे त्याला 'हिगिन्स आय' म्हणतात. वरची मिसिसिपी आणि तिला येऊन मिळणाऱ्या सेंट क्रॉयसारख्या नद्या, एवढंच त्याचं जग. अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या नवव्या कलमात त्याच्या बाबतीत काय काय करायचं नाही याची लांबलचक यादी आहे: त्रास देणं, इजा करणं, मारणं, पकडणं, गोळा करणं, आणि यांतलं काहीही करू पाहणं. नदीकाठी पडलेलं रिकामं कवच खिशात घालायलासुद्धा परवाना लागतो. संवर्धनासाठी हात लावायची मुभा दहाव्या कलमाखाली मिळते, ती अशा अटींसकट.

गोळा करण्याच्या आणि पिंजऱ्यांच्या जागांची नावं या नोंदींत येणार नाहीत. ती गुप्त ठेवायची इथली रीत आहे आणि मला ती पटते. ज्या तळावर हे शिंपले उरलेत, तो तळ कुठे आहे हे कमीत कमी लोकांना माहीत असलेलं बरं.

नोंदी मराठीत ठेवतेय, कारण कोल्हापूर-सांगलीकडे नदीवर काम करणारी काही मुलं गेल्या वर्षी विचारत होती की हे रोजच्या रोज नेमकं कसं चालतं. इंग्रजी अहवालात आकडे येतात, रोजचं काम येत नाही.

९ मे

पाणी अजून गार आहे, १३ अंशांच्या आसपास. पाणबुडे उतरले. तळाशी काहीच दिसत नाही, सगळं हाताने चाचपून. वर आलेल्या जाळीच्या पिशव्या बोटीवर ओतल्या की आमचं काम सुरू होतं. बहुतेक शिंपले दुसऱ्याच जातींचे निघतात: थ्रीरिज, पिंपलबॅक, पॉकेटबुक. त्यांची नोंद करून ते लगेच परत पाण्यात.

हिगिन्स आय ओळखायला नवख्याला वेळ लागतो. गोलसर, फुगीर, पिवळट-तपकिरी कवच, कधी त्यावर हिरवट किरण. नराची मागची बाजू निमुळती, मादीची बोथट आणि भरलेली. मादी सापडली की कवच उघडणाऱ्या चिमट्याने ते जेमतेम एक सेंटिमीटर उघडायचं आणि आत बघायचं. कल्ल्यांचा मागचा भाग फुगलेला असेल तर आत पिल्लं आहेत. ती गेल्या उन्हाळ्याअखेरीची. या जातीची मादी पूर्ण हिवाळा, नदीवर बर्फ असतानाही, पिल्लं कल्ल्यांत सांभाळते आणि वसंत-उन्हाळ्यात सोडते.

जास्त उघडलं तर कवच मिटवणारा स्नायू फाटतो. नव्या मुलांना आधी साध्या जातींवर सराव करायला लावतो, तेही तासन् तास.

प्रत्येकीच्या कवचावर चिकटलेले झेब्रा शिंपले (बाहेरून आलेली उपद्रवी जात) खरवडून काढले. यंदा थोडे आहेत. थोडे म्हणजेही एकेकीवर पाच-दहा.

१६ मे

आज पिल्लं माशांवर चढवली. वर्षातला सगळ्यात नाजूक दिवस, म्हणून सविस्तर लिहितेय.

गोड्या पाण्यातल्या या शिंपल्यांची पिल्लं, ज्यांना ग्लोकिडिया म्हणतात, स्वतःच्या बळावर वाढू शकत नाहीत. त्यांना काही आठवडे माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहावं लागतं, तिथेच त्यांचं शरीर पालटतं, मग ती गळून तळाशी जातात. मासाही कुठलाही चालत नाही. हिगिन्स आयला वॉलाय, लार्जमाउथ बास, स्मॉलमाउथ बास, यलो पर्च असे मोजके मासे लागतात. नदीत मादी हा मासा स्वतः बोलावते. तिच्या आवरणाची कड पसरते, तिच्यावर डोळ्यासारखा ठिपका असतो, आणि ती कड अशी हलते की मोठ्या माशाला एखादा छोटा मासा पोहतोय असं वाटावं. मासा झडप घालतो आणि पिल्लं थेट त्याच्या तोंडात, कल्ल्यांवर जातात. मी हे काचेच्या टाकीत कितीदा पाहिलंय, तरी दर वेळी हातातलं काम थांबतं. या प्राण्याला डोळे नाहीत. ज्या माशाची नक्कल तो करतो तो मासा त्याने कधी पाहिलेला नाही.

आम्ही हेच हाताने करतो. मादीच्या फुगलेल्या कल्ल्यात बारीक सुई घालून पिचकारीने पाणी सोडायचं, म्हणजे पिल्लं बाहेर वाहून येतात. एका मादीतून लाखांच्या घरात. त्यांतली थोडी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा. जिवंत आणि पक्व पिल्लू झटकन मिटतं. मिटणाऱ्यांचं प्रमाण कमी भरलं तर त्या मादीची पिल्लं वापरायची नाहीत, तिला तशीच परत सोडायचं.

मासे बादल्यांत, हवेचे बुडबुडे चालू, त्यात मोजून पिल्लं ओतायची. पाणी सतत ढवळत राहायचं, नाहीतर पिल्लं तळाशी बसतात आणि माशापर्यंत पोचतच नाहीत. दर काही मिनिटांनी एक मासा गुंगी देऊन बाहेर काढायचा आणि कल्ला उचलून बघायचा. लाल कल्ल्यांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले की पुरे. हावरेपणाने जास्त चढवली तर माशाचा श्वास कोंडतो, मासा मरतो आणि त्याच्याबरोबर सगळी पिल्लं.

मासे मत्स्यबीज केंद्रात वाढलेलेच वापरतो. ज्या माशावर आधी कधी पिल्लं बसून गेलीत, त्याचं शरीर पुढच्या वेळी ती झटकून टाकायला शिकलेलं असतं. नदीतून आणलेल्या माशाचा भरवसा धरता येत नाही.

सगळ्या माद्यांना खुणेचे क्रमांक चिकटवून संध्याकाळी त्यांच्या जागी परत सोडलं. ही अट परवान्यात आहे. नसती तरी आम्ही हेच केलं असतं.

२१ मे

मासे पिंजऱ्यांत, पिंजरे नदीच्या तळाशी. पाणी उबदार होत जाईल तशी पिल्लं दोन-चार आठवड्यांत गळतील, पिंजऱ्याच्या तळातल्या वाळूत पडतील आणि तिथे वाढतील. नंतर मासे सोडून द्यायचे.

१४ जून

१९७६ साली आजच्याच तारखेला हिगिन्स आयचं नाव केंद्रीय यादीत आलं. त्या एका अधिसूचनेत १५९ प्राण्यांची नावं होती, त्यांत गोड्या पाण्यातले बरेच शिंपले.

त्याच यादीत 'ब्लॉसम' म्हणून ओळखले जाणारे चार शिंपले होते: टर्जिड ब्लॉसम, यलो ब्लॉसम, ग्रीन ब्लॉसम आणि ट्यूबर्कल्ड ब्लॉसम. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने २१ प्रजाती नामशेष झाल्याचं जाहीर करून यादीतून काढल्या. त्यांत आठ शिंपले होते, आणि हे चारही त्या आठांत.

दोन्ही कागद आज शेजारी ठेवून वाचले. टर्जिड आणि यलो ब्लॉसम शेवटचे दिसले ते १९६० च्या दशकाच्या मध्याला. ट्यूबर्कल्ड ब्लॉसम १९६९ साली. म्हणजे कायदा झाला तेव्हा हे तिघे बहुधा संपलेलेच होते किंवा शेवटच्या घटका मोजत होते. टेनेसी आणि ओहायोच्या खोऱ्यातल्या त्यांच्या खळाळत्या उथळ पट्ट्यांवर धरणांचं पाणी चढलेलं होतं. ग्रीन ब्लॉसम तेवढा १९८२ पर्यंत दिसला.

एकाच दिवशी, एकाच कायद्याखाली, एकाच दर्जाचं संरक्षण. यातला हिगिन्स आय आज माझ्या पिंजऱ्यांत आहे. लोक म्हणतात कायदा चांगला किंवा कायदा कुचकामी. माझं म्हणणं असं की यादीत नाव लागल्याने शिंपला वाचत नाही. नाव लागल्यानंतर कोणावर काय करायची सक्ती येते आणि ती वेळेत येते का, यावर सगळं ठरतं. हिगिन्स आयच्या बाबतीत अशी सक्ती आली. ती कशी आली ते पुढे सवडीने लिहीन.

२८ जून

दहा-बारा दिवस मिनेसोटात आणि आयोवात पाऊस थांबलेला नाही. २४ तारखेला ब्लू अर्थ नदीवरच्या रॅपिडन धरणाच्या एका कडेने नदीने नवी वाट फोडली, काठ कोसळला, मोठा गाळ खाली सुटला. ब्लू अर्थ मिनेसोटा नदीला मिळते आणि ती सेंट पॉलपाशी मिसिसिपीला. गाळाचा हा लोंढा आमच्यापर्यंत किती पोचेल हे आज कोणीच सांगू शकत नाही. बराचसा वाटेत पसरेल. पण पिंजऱ्यात नुकतीच गळलेली पिल्लं पाव मिलिमीटरच्या आसपासची आहेत. त्यांच्यावर बोटभर गाळ बसला तरी ती संपली.

पाणबुड्यांना उतरायची परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. या पाण्यात झाडं वाहत येतायत.

५ जुलै

पाणी अजून वर. कार्यालयात बसून कागद चाळले, तर हिगिन्स आयच्या बाबतीत सक्ती कशी आली ते आज लिहून टाकते.

१९३० साली अमेरिकी संसदेने वरच्या मिसिसिपीत मालवाहू तराफ्यांसाठी कायम नऊ फूट खोल मार्ग ठेवायचं मंजूर केलं. बहुतेक बंधारे आणि जलपाश (बोटींना बंधाऱ्यावरून वर-खाली नेणारे दारांचे कप्पे) त्यानंतरच्या दहा वर्षांत उभे राहिले. हे सगळं लष्कराचं अभियंता खातं, आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्स, सांभाळतं. पुढे १९८० च्या दशकात महासागरी जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून झेब्रा शिंपला ग्रेट लेक्समध्ये आला. १९८८ साली तो लेक सेंट क्लेअरमध्ये सापडला आणि १९९१ पर्यंत मिसिसिपीत होता. हा बारीक, पट्टेरी शिंपला धाग्यांनी कशालाही चिकटतो. आमच्या शिंपल्यांच्या पाठीवर त्याचे थरच्या थर बसतात. खालच्याला कवच उघडता येत नाही, खाणं ओढता येत नाही, रुतून बसता येत नाही. विस्कॉन्सिनमधल्या प्रेरी दु शीनजवळचा पूर्वेकडचा प्रवाह हा तेव्हा हिगिन्स आयच्या सगळ्यात भरलेल्या तळांपैकी एक होता. नव्वदच्या दशकाअखेरीला तिथे एका चौरस मीटरला हजारोंनी झेब्रा शिंपले होते.

झेब्रा शिंपल्याची पिल्लं पाण्याबरोबर खाली वाहतात, प्रवाहाविरुद्ध वर जाऊ शकत नाहीत. तरी दर वर्षी वरच्या भागात नवे येत होते, ते तराफ्यांच्या आणि बोटींच्या तळाला चिकटून. तराफे चालतात ते केंद्र सरकारने राखलेल्या मार्गावर. इथे सातवं कलम लागू होतं: आपल्या कामामुळे यादीतल्या कुठल्याही प्रजातीचं अस्तित्व धोक्यात येणार नाही याची खात्री प्रत्येक केंद्रीय खात्याने फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसशी, म्हणजे केंद्राच्या वन्यजीव खात्याशी, सल्लामसलत करून द्यायची. २००० साली सर्व्हिसने लेखी मत दिलं की हा मार्ग असाच आणखी ५० वर्षं चालवला तर हिगिन्स आयचं अस्तित्व धोक्यात येईल.

एका सरकारी खात्याने दुसऱ्या सरकारी खात्याला, तेही लष्कराच्या अभियंत्यांना, कागदावर हे सांगितलं. वाहतूक बंद झाली नाही. पण ती चालू ठेवायची तर पर्याय करून दाखवणं बंधनकारक झालं: झेब्रा कमी असलेल्या ठिकाणी शिंपले हलवायचे, नव्या वसाहती उभ्या करायच्या, झेब्राच्या नियंत्रणाचा अभ्यास करायचा. वेगवेगळ्या खात्यांची आणि राज्यांची मिळून एक शिंपला-समन्वय समिती बसली. विस्कॉन्सिनमधल्या जिनोआच्या राष्ट्रीय मत्स्यबीज केंद्रात याच सुमारास माशांवर पिल्लं चढवून पिंजऱ्यांत वाढवायला सुरुवात झाली. मी मे महिन्यात जे केलं, ते सगळं त्या मतातून निघालेलं आहे.

ब्लॉसम शिंपल्यांसाठी असं कोणी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायची वेळ येईपर्यंत ते नव्हतेच.

१९ जुलै

पाणी उतरलं. दोन पिंजरे गाळाने अर्धे भरलेत, एक गायब. बाकीचे जागेवर. मासे सोडून दिले, त्यांचे कल्ले स्वच्छ आहेत, म्हणजे पिल्लं गळून गेली. कुठे गळली ते ऑक्टोबरमध्ये कळेल.

४ ऑगस्ट

कोल्हापूरच्या सरांचा फोन. बी.एस्सी.ला त्यांनीच मला पहिल्यांदा नदीच्या तळातला शिंपला हातात दिला होता. आधीच्या नोंदी त्यांना पाठवल्या होत्या.

"अगं, हे सगळं वाचलं. पण आपल्याकडे असं कलम असतं तरी ते लावायचं कोणत्या आधारावर? पंचगंगेत आज कोणता शिंपला किती आहे, हे सांगेल कोण?"

मी म्हटलं, "सर, तिथूनच सुरुवात करायला हवी. दर वर्षी तीच जागा, तोच महिना, तीच पद्धत. दहा वर्षांची अशी वही असेल तर वाळूउपसा थांबवायला सांगताना हातात काहीतरी असेल."

"मुलं करतील. तू पद्धत लिहून पाठव. मराठीत."

पाठवीन. आपल्याकडे शिंपल्याचं नाव निघतं ते बहुतेक मोत्यांच्या शेतीसाठी. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिसवर मोती घेण्याचं तंत्र बसवलं आणि महाराष्ट्रातही बरेच शेतकरी ते करतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शिंपले नदी-तळ्यांतून उचलून आणले जात असतील, तर जिथून उचलले तिथे किती उरले हेही कोणीतरी मोजायला हवं. पश्चिम घाटात कर्नाटकच्या बाजूला तुंगा-भद्रेच्या खोऱ्यात खडकाला चिकटून राहणारा स्यूडोम्युलेरिया डालयी हा शिंपला आहे. त्याचे जवळचे नातलग दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेत, इतकी जुनी त्याची वंशावळ. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो संकटग्रस्त आहे.

१४ सप्टेंबर

आयोवातल्या मस्कटीनला जाऊन आले. १८९१ मध्ये जॉन बेपल नावाच्या जर्मन कारागिराने इथे नदीच्या शिंपल्यांपासून गुंड्या काढायला सुरुवात केली. १९०५ सालापर्यंत या एका गावातून वर्षाला दीड अब्ज गुंड्या निघत होत्या. तिथल्या संग्रहालयात गोल भोकं पाडलेली कवचं मांडलेली आहेत. एकेका कवचात पाच-सहा भोकं, मधलं उरलेलं फेकून दिलेलं. जाती ओळखू येतात. मी ओळखत गेले आणि वहीत लिहीत गेले.

शिंपले संपत चालले तसं सरकारने १९०८ मध्ये जवळच्या फेअरपोर्टला संशोधन केंद्र मंजूर केलं. मिसुरी विद्यापीठाच्या लफेव्र आणि कर्टिस यांनी माशांवर पिल्लं चढवण्याचं तंत्र १९१२ मध्ये सविस्तर छापलं. आम्ही बादल्यांत जे करतो त्याची मुळं तिथे आहेत. तेव्हा हेतू होता गुंड्यांचा कच्चा माल टिकवण्याचा. त्या लोकांचं काम बारकाईचं होतं, हे मान्य करायलाच हवं. पण शिंपला ज्या तळावर सोडायचा तो तळच बिघडत असेल, आणि काढणाऱ्यांवर पुरेसं बंधन नसेल, तर कोट्यवधी पिल्लं सोडूनही हाती काही लागत नाही. शेवटी प्लास्टिकच्या गुंड्या आल्या आणि धंदाच बसला. त्यानंतर हीच कवचं जपानला जाऊ लागली, संवर्धित मोत्यांच्या आत घालायचे मणी बनवण्यासाठी.

९ ऑक्टोबर

पिंजरे वर काढले.

एकेका पिंजऱ्याची वाळू चाळणीतून धुवायची, जे उरतं ते पांढऱ्या ताटात पसरायचं आणि बोटांनी शोधायचं. गाळाने भरलेल्या दोन पिंजऱ्यांत काही नव्हतं. तिसऱ्यात सकाळी बराच वेळ नुसते खडे आणि झेब्रा. मग माझ्या शेजारच्या मुलीने ताट माझ्याकडे सरकवलं. पिवळट, चकचकीत, एक सेंटिमीटरच्या आतलं, आणि पाय बाहेर काढून चालायला बघणारं. त्यानंतर त्याच पिंजऱ्यात निघतच राहिले.

सगळे मिळून गेल्या वर्षीपेक्षा कमी आहेत. पूर बघता मी याहून वाईटाची तयारी ठेवली होती. पूर आला तेव्हा पिल्लं नुकतीच गळलेली होती, दोन आठवडे पुढेमागे झालं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. पुढच्या वर्षी सगळे पिंजरे एकाच ठिकाणी ठेवायचे नाहीत, हे आजच ठरलं.

प्रत्येकाची लांबी मोजली, झेब्रा काढून टाकले. एवढ्या लहान कवचावर क्रमांक चिकटत नाही. आणखी एक-दोन उन्हाळे ते पिंजऱ्यातच राहतील, मग खुणा करून सोडायचे.

११ ऑक्टोबर

तीन वर्षांपूर्वीच्या पिल्लांना आज क्रमांक लावून नदीत सोडलं. पाणबुड्यांनी एकेकाला हाताने वाळूत बसवलं, मागची बाजू वर ठेवून. नुसतं बोटीतून टाकून देणारेही काही प्रकल्प आहेत. मला हाताने बसवणंच पटतं. उलटं पडलेलं पिल्लू सरळ होईपर्यंत माशाचं भक्ष्य असतं.

२० नोव्हेंबर

वार्षिक अहवाल गेला. परवान्याच्या अटीप्रमाणे प्रत्येक मादीचा हिशेब त्यात आहे: कुठे सापडली, किती वेळ बाहेर होती, कुठे परत गेली. एकही दगावली नाही.

अहवाल लिहिताना २००४ ची सुधारित पुनर्स्थापना योजना पुन्हा काढली. हिगिन्स आयला 'संकटग्रस्त'मधून खालच्या 'धोक्यातील' दर्जावर आणायचं तर किमान पाच महत्त्वाच्या तळांवर त्याची स्वतःहून पुनरुत्पादन करणारी, टिकून राहणारी संख्या हवी, आणि तिला झेब्रा शिंपल्याचा धोका नसावा. आम्ही सोडलेले शिंपले यात मोजले जात नाहीत, त्यांची नदीत जन्मलेली पिल्लं मोजली जातात. हे निकष कडक आहेत म्हणून काही जण कुरकुरतात. मी कडकच ठेवा म्हणेन. आकडा आम्ही वाढवू शकतो, पण तळ निरोगी आहे की नाही हे फक्त त्यांची पिल्लंच सांगू शकतात. म्हणून पुढच्या ऑगस्टमध्ये जुन्या सोडलेल्या जागांवर बिनक्रमांकाच्या लहान हिगिन्स आयचा शोध घ्यायचा आहे.

लार्जमाउथ बास आणि वॉलायची मागणी मत्स्यबीज केंद्राकडे नोंदवली, एप्रिलअखेर हवेत. हरवलेल्या पिंजऱ्याच्या जागी दोन नवे बनवायला टाकले. मोजणीची पद्धत मराठीत लिहून झाली, आज रात्री सरांना पाठवते. त्यात पहिलं पान फक्त जागा कशी निवडायची यावर आहे: पाणी उतरल्यावर गुडघाभर खोल, वाळू-खड्यांचा तळ, उपसा जिथे होत नाही अशी एक आणि जिथे होतो अशी एक.